वूफरच्या पाइपातला खर्ज

बारामतीच्या भिगवण चौकातून वरात निघाली की ‘झिंगाट’चा ठोका पलीकडच्या गल्लीतल्या खिडक्यांच्या काचांपर्यंत पोचतो. त्याच हौसेने घरच्या हॉलमध्येही होम थिएटर येतं. कोपऱ्यात काळा सबवूफर बसतो आणि गाणं लागलं की दणका देतो. मग एखाद्या रविवारी चित्रपट लागतो. पडद्यावर धरण फुटतं, बुरूज कोसळतो, पण जमिनीखालून येणारा, पोटात उतरणारा गडगडाट काही येत नाही. येते ती नुसती धबधब. आवाज वाढवला तर धबधब वाढते, गडगडाट जिथल्या तिथे.

आता त्या सबवूफरला पाठीमागून बघा. बहुतेकांना एक गोल भोक असतं आणि त्यात आतल्या बाजूला पाइप बसवलेला असतो. हे भोक कशासाठी, असं विचारलं तर एक उत्तर हमखास मिळतं: ‘त्यातून बेस बाहेर येतो.’ तसं असेल तर भोक मोठं केलं की बेस वाढायला हवा आणि पाइप काढून टाकला तर वाट आणखी मोकळी व्हायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही वेळा खोल बेस नाहीसा होतो. उलट तोच पाइप आणखी लांब केला, म्हणजे वरकरणी वाट आणखी अडवली, तर आवाज खाली उतरतो. असं का होतं, हे कळलं की सबवूफर कसा लावायचा हेही कळतं आणि कुठे थांबायचं हेही.

खोल म्हणजे किती खोल?

स्पीकरचा कोन, म्हणजे समोर दिसणारा कागदी किंवा प्लास्टिकचा शंकू, सेकंदाला जितक्या वेळा पुढे-मागे होतो तो आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. माणसाच्या कानाची मजल साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. नाचाच्या गाण्यातला ठोका बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. स्फोट, भूकंप, विमानाची घरघर यांचा तळ मात्र २० ते ४० हर्ट्झमध्ये असतो. ५.१ होम थिएटरमधला तो ‘पॉइंट वन’ म्हणजे अशा खालच्या आवाजांसाठी राखून ठेवलेला वेगळा चॅनेल. १२० हर्ट्झच्या वरचं त्यात काही नसतं.

म्हणजे धबधब आणि गडगडाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर दोघांत एका सप्तकाचं अंतर आहे. ६० हर्ट्झच्या खालचं सप्तक ३० ला लागतं. आणि हे एक सप्तक उतरणं फार महागात पडतं. तेवढाच आवाज निम्म्या हर्ट्झवर काढायचा तर कोनाला चौपट हवा ढकलावी लागते. वर आपला कानही खालच्या सुरांना कमी दाद देतो. शांत खोलीत ६३ हर्ट्झचा सूर ऐकू यायला ३७-३८ डेसिबल पुरतात, ३१.५ हर्ट्झला सुमारे ६० लागतात आणि २० हर्ट्झला ७८ च्या पुढे. दुसरीकडे आवाजाची पातळी १० डेसिबलने वाढवायची तर अँप्लिफायरची ताकद दहापट लागते. त्यामुळे नुसता व्हॉल्यूम वाढवून खोल बेस मिळत नाही. आवाज काढण्याची पद्धतच बदलावी लागते.

मागचा आवाज कुठे जातो?

वूफर बॉक्समधून काढून नुसताच टेबलावर वाजवला तर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा सैल पडते. ३० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेअकरा मीटर असते. तिच्यापुढे बारा इंची वूफरचा घेर म्हणजे काहीच नाही. समोरचा दाब कडेने वळून मागची पोकळी भरून टाकतो आणि दोघे एकमेकांना खातात.

म्हणून वूफर बॉक्समध्ये बंद करायचा. बॉक्स चारी बाजूंनी हवाबंद असेल तर मागचा आवाज आत कोंडला जातो आणि समोरचा निर्वेध बाहेर येतो. असे बंद बॉक्स आजही बनतात आणि चांगले वाजतात. पण कोन जितकं काम पुढे करतो तितकंच मागेही करतो आणि बंद बॉक्समध्ये ते मागचं काम फुकट जातं.

बंद बॉक्सवरच्या वूफरचा कोन दोन्ही हातांनी, मधोमध, अलगद दाबून बघा. तो गादीसारखा परत वर येतो. काही जोर वूफरच्या स्वतःच्या पट्ट्यांचा असतो, पण बराचसा आत दबलेल्या हवेचा. बॉक्समधली हवा ही एक स्प्रिंग आहे. बॉक्स लहान असेल तर ती स्प्रिंग ताठ होते, मोठा असेल तर मऊ. इथे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

पाइपात चार ग्रॅम हवा

या बॉक्सला भोक पाडून पाइप बसवला की नवीन काय होतं? पाइपातही हवाच असते. पण ती सगळीकडून कोंडलेली नसल्यामुळे दबत नाही, एकसंध गठ्ठ्यासारखी आत-बाहेर सरकते. १० सेंटिमीटर आतला व्यास आणि ३६ सेंटिमीटर लांबीच्या पाइपातल्या हवेचं वजन, तोंडापाशी तिच्यासोबत हलणारी थोडी हवा धरून, जेमतेम चार ग्रॅम भरतं. चार ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, पण ते वजन बॉक्समधल्या हवेच्या स्प्रिंगला लटकलेलं असतं. स्प्रिंगला वजन बांधून सोडलं की ते एका ठरावीक लयीतच झुलतं. वजन वाढवलं किंवा स्प्रिंग मऊ केली की लय मंदावते.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो ‘हूं’ निघतो तो हाच. मानेतली हवा वजन आणि पोटातली हवा स्प्रिंग. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ भांड्यांचा अभ्यास करून सुरांच्या संवेदनेवरचा आपला ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणून या झुलण्याला हेल्महोल्ट्झचं नाव आहे.

वजन घालून सूर उतरवण्याची युक्ती या भागाला नवी नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे इंदापूरकडे जाते. वाटेत इंदापूर तालुक्यातल्या बेलवडीला पहिलं गोल रिंगण होतं. तिथे घुमणाऱ्या मृदंगाची डावी बाजू जवळून पाहिलीत तर पुडीच्या मध्यावर ओल्या कणकेचा गोळा थापलेला दिसतो. कणीक जास्त तर पुडी जड, पुडी जड तर सूर खाली. वादक चिमूटभर काढतो, चिमूटभर लावतो आणि हवा तो खर्ज मिळाला की थांबतो. वूफरचा पाइप लांब करणं म्हणजे हवेच्या पुडीला कणीक लावणं. पाइप लांबला की आतल्या हवेचं वजन वाढतं आणि लय मंदावते. भोक नुसतं मोठं केलं की हवेला सुटायला वाट रुंद होते, स्प्रिंगचा जोर जास्त क्षेत्रावर पडतो आणि सूर वर चढतो. पाइप काढला तर वजनच काढून घेतल्यासारखं होतं. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच.

कोन थांबतो आणि पाइप बोलू लागतो

आता वूफर आणि पाइप यांची जुळणी. समजा पाइप ३० हर्ट्झला लागलेला आहे. कोन ८० हर्ट्झने हलत असेल तेव्हा पाइपातल्या हवेला एवढ्या घाईने हलता येत नाही. ती जागच्या जागी राहते आणि बॉक्स जवळपास बंद असल्यासारखा वागतो. जसजसे आपण ३० कडे उतरतो तसतशी पाइपातली हवा जोरात झुलू लागते. तिचं झुलणं उशिरा होतं आणि हा उशीर इथे कामाला येतो. मागचा आवाज मुळात समोरच्याच्या उलट असतो, पण या उशिरामुळे तो पाइपातून बाहेर पडताना समोरच्या आवाजाशी सुलट होतो. जो आवाज बंद बॉक्समध्ये फुकट गेला असता तो आता भर घालतो.

बरोबर ३० हर्ट्झला आणखी एक गोष्ट घडते. झुलणारी हवा आतून कोनाला इतकं जखडते की कोन जवळजवळ थांबतो आणि सगळा आवाज पाइप काढतो. कमी हालचालीत जास्त बेस, हा पाइपवाल्या बॉक्सचा खरा फायदा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले अल्बर्ट थुरस यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १९३० मध्ये अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मंजूर झालं. ‘बेस रिफ्लेक्स’ म्हणतात ती हीच रचना.

हे घरी डोळ्यांनी पाहता येतं. मोबाइलवर सूर काढणारं एखादं फुकट अॅप घ्या, सबवूफरला जोडा आणि आवाज मध्यम ठेवून ६० हर्ट्झपासून एकेक आकडा खाली या. कोनाच्या कडेवर बोटाचं टोक हलकेच टेकवून ठेवा. आधी थरथर वाढत जाईल, मग कमी होऊ लागेल आणि एका आकड्याला कोन शांत झाल्यासारखा वाटेल. त्या वेळी पाइपाच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा. धुराची सरळ रेघ मोडून तो झोतासारखा पुढे-मागे फेकला जाईल. तो आकडा म्हणजे तुमच्या बॉक्सचं ट्युनिंग. आणखी चार-पाच हर्ट्झ खाली गेलात की कोन एकदम मोठ्या हेलकाव्यांनी हलू लागेल. तिथे लगेच आवाज कमी करा. त्याचं कारण पुढे येतं.

पाइप किती लांब?

ट्युनिंग तीन गोष्टींवर ठरतं: बॉक्समधली निव्वळ जागा, पाइपाचा आतला व्यास आणि पाइपाची लांबी. हिशेब वर्गाचा असल्यामुळे थोडं खाली जायला पाइप बराच लांबवावा लागतो. सूर निम्म्यावर आणायचा तर हवेचं वजन चौपट लागतं.

चौकट : ६० लिटरचा बॉक्स, १० सेंटिमीटर आतल्या व्यासाचा एक पाइप

४० हर्ट्झसाठी : सुमारे १७ सेंटिमीटर
३५ हर्ट्झसाठी : सुमारे २५ सेंटिमीटर
३० हर्ट्झसाठी : सुमारे ३६ सेंटिमीटर
२५ हर्ट्झसाठी : सुमारे ५५ सेंटिमीटर
२० हर्ट्झसाठी : सुमारे ९१ सेंटिमीटर

दुसरा बॉक्स असेल तर हिशेब असा : पाइपाच्या आतल्या व्यासाचा (सेंटिमीटरमध्ये) वर्ग करा आणि त्याला २३,५०० ने गुणा. या संख्येला हर्ट्झचा वर्ग गुणिले लिटर यांनी भागा. उत्तरातून व्यासाची पाऊणपट वजा करा. उरते ती पाइपाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. शेवटची वजाबाकी पाइपाच्या दोन्ही तोंडांबाहेर सोबत हलणाऱ्या हवेसाठी आहे.

शेतातला पाइप, सुताराचा बॉक्स

हा पाइप आणायला लांब जावं लागत नाही. उसाला पाणी देणाऱ्या या पट्ट्यात पाइपलाइनच्या कुठल्याही दुकानात पीव्हीसी पाइप मिळतो आणि बऱ्याच घरांच्या मागे एखादा उरलेला तुकडा पडलेला असतोच. फक्त मापाकडे लक्ष द्या. ११० मिलिमीटरचा पाइप म्हणजे बाहेरून ११०. आतला व्यास भिंतीच्या जाडीवर ठरतो. सहा केजीच्या पाइपाची भिंत चार केजीपेक्षा जाड, दहा केजीची त्याहून जाड. हिशेबात आतला व्यास लागतो, म्हणून पट्टी लावून तोच मोजा. पातळ पाइप थरथरतो, म्हणून जाड भिंतीचा घेतलेला बरा.

६० लिटर म्हणजे आतून ४० बाय ४० बाय साडेसदतीस सेंटिमीटरचा बॉक्स. सुतार १८ एमएमच्या प्लायचा किंवा एमडीएफचा तो सहज करून देईल. अडचण नंतर येते. ३० हर्ट्झसाठी ३६ सेंटिमीटरचा पाइप हवा आणि बॉक्सची खोली ४०. म्हणजे पाइपाच्या आतल्या टोकापासून समोरच्या फळीपर्यंत उरले ४ सेंटिमीटर. तिथे निदान पाइपाच्या व्यासाएवढी, म्हणजे १० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर हवेची वाट अडते आणि सगळा हिशेब बिघडतो. त्यामुळे पाइपाला आत एल्बो लावून वळवावा लागतो. वळणाची लांबी मधल्या रेषेवरून मोजायची.

दुसरी अडचण जागेची. २५ हर्ट्झचा ५५ सेंटिमीटरचा पाइप आत घातला की तो स्वतःच पाच लिटर जागा खातो. वूफरचं मॅग्नेट आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या आणखी काही लिटर घेतात. ६० लिटरचा बॉक्स असा ५२-५३ लिटरवर आला की ट्युनिंग परत वर सरकतं. म्हणून सुताराला माप देताना ही जागा आधीच वाढवून द्यायची.

पाइप कापण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. पाइप आतच असला पाहिजे असा नियम नाही. असलेल्या पाइपाला बाहेरून कपलरने जोडतुकडा लावा, हवा गळू नये म्हणून टेप गुंडाळा आणि एक-दोन चित्रपट ऐका. दिसायला विचित्र दिसेल, पण बॉक्स उघडावा लागत नाही, आतली जागा जात नाही आणि नको वाटलं तर तुकडा काढून ठेवता येतो.

सांध्यातली गळती मात्र चालत नाही. वूफरखालची पट्टी, टर्मिनलची जागा, फळ्यांचे जोड यांतून हवा निसटली की स्प्रिंग ढिली पडते आणि पाइप नीट बोलत नाही. ३० हर्ट्झचा सूर लावून याच जागांवर उदबत्ती फिरवली की धूर गळती दाखवतो. सिलिकॉन भरून ती बंद करा.

ऋतूचा परिणाम होतो का, अशी शंका येईल. होतो, पण नावापुरता. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. डिसेंबरातल्या १५ अंशांवर ३० हर्ट्झला लागलेला बॉक्स मे महिन्यातल्या ४० अंशांवर ३१ च्या थोडा पुढे जाईल. कानाला हा फरक कळणार नाही.

खाली उतरण्याची किंमत

पाइप लांब केल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘बेस कमी झाला.’ ती खरीच असते. ४० हर्ट्झला लागलेला बॉक्स ४० ते ५० च्या आसपास भर घालत होता आणि गाण्याचा ठोका त्याच्या लगतच असतो. ट्युनिंग २५ वर नेलं की तो फुगवटा जातो आणि पाइपाची मदत अशा पट्ट्यात मिळू लागते जिथे गाण्यात बहुधा काही नसतंच. फायदा कळायला खरोखर खोल आवाज असलेला चित्रपट लावावा लागतो.

स्पीकरच्या धंद्यात एक जुना नियम आहे. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीचे एक संस्थापक जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. लहान बॉक्स, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तीनपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. वरातीचे बॉक्स अवाढव्य असूनही फार खोल जात नाहीत, कारण त्यांनी मोठा आवाज निवडलेला असतो.

दुसरी किंमत पाइपातल्या वाऱ्याची. खालच्या सुरांना हवा जास्त हलवावी लागते आणि ती सगळी १० सेंटिमीटरच्या तोंडातून जायची. वेग सेकंदाला साधारण १७ मीटरच्या पुढे गेला की पाइप फसफसू लागतो. गडगडाटाच्या ऐवजी फुंकर ऐकू येते. तोंडाच्या कडा गोल केल्या तर फसफस कमी होते. पाइप रुंद केला तर वाराच मंदावतो, पण मग लांबी भलतीच वाढते. त्याच ६० लिटरच्या बॉक्सला १५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पाइप लावून २५ हर्ट्झ गाठायचे तर तो १३० सेंटिमीटर लागतो. एवढ्या लांब पाइपाला स्वतःचाही सूर असतो, सुमारे १२० हर्ट्झचा, आणि तो मध्येच घुमू लागतो.

तिसरी किंमत सगळ्यात महाग पडू शकते. ट्युनिंगच्या खाली गेल्यावर पाइप साथ सोडतो. हवा एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने निसटते, स्प्रिंग उरतच नाही आणि कोन मोकाट सुटतो. आवाज झपाट्याने घसरतो, दर सप्तकाला २४ डेसिबलने. बंद बॉक्समध्ये ही घसरण १२ डेसिबल असते. ऐकू काही येत नाही, पण कोन मात्र जीव तोडून हलत असतो. कॉइल मागच्या पत्र्यावर आपटून ठकठक आवाज येतो आणि वूफर निकामी होतो. म्हणून अँप्लिफायरवर ‘सबसॉनिक’ नावाचा फिल्टर असेल तर तो ट्युनिंगच्या जरा खाली लावावा. तो अगदी खालचे आवाज वूफरपर्यंत पोचूच देत नाही. पाइप लांब करून ट्युनिंग खाली नेलं की धोक्याची रेघही खाली जाते. खोल ट्युनिंगचा हा एक फायदाच म्हणायचा.

कुठलाही वूफर चालतो का?

नाही. प्रत्येक वूफरला स्वतःचीही एक लय असते. त्याच्या माहितीपत्रकात ती ‘एफएस’ या नावाने लिहिलेली असते. सार्वजनिक कार्यक्रमांच्या बारा किंवा पंधरा इंची वूफरची एफएस बहुधा ४० च्या पुढे असते, घरगुती सबवूफरची २० ते ३० च्या दरम्यान. पहिल्या प्रकारचा वूफर २५ हर्ट्झच्या बॉक्समध्ये घातला तर पाइपाला पुरेसा जोरच मिळत नाही.

वूफर आणि बॉक्सची ही जोडी पूर्वी चाचपडतच जमवावी लागे. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये पाइपवाल्या बॉक्सचं गणित मांडलं आणि सिडनीत संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पुढे नेलं. माहितीपत्रकातले एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे ‘थिएल-स्मॉल’ आकडे म्हणून ओळखले जातात. ते घातले की संगणकावरचे फुकट प्रोग्राम बॉक्सचं माप आणि पाइपाची लांबी काढून देतात. ढोबळ मानाने क्यूटीएस ०.३ ते ०.४ च्या आसपास असेल तर वूफर पाइपाच्या बॉक्सला जमतो, ०.५ च्या पुढे असेल तर बंद बॉक्स बरा.

तयार सबवूफर असेल तर

कंपनीच्या सबवूफरला दोन पाइप असतील तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एकात फोमचा घट्ट गोळा बसवणं. हवेची वाट निम्मी होते आणि ट्युनिंग मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येतं. ३५ हर्ट्झचा बॉक्स २५ वर जातो. परदेशातल्या काही कंपन्या असे बुचच सोबत देतात. अर्थात उरलेल्या एका पाइपावर सगळा भार पडतो, म्हणून जोरात लावलं की तो लवकर फसफसतो.

पाइप लांब करण्याआधी आतल्या अँप्लिफायरचाही विचार करा. मूळ ट्युनिंगच्या खालचे आवाज कापून टाकणारा फिल्टर कंपनीने आतच बसवलेला असू शकतो. तसं असेल तर पाइप कितीही लांबवा, खालचा आवाज वूफरपर्यंत पोचणारच नाही. वॉरंटी चालू असेल तर बॉक्स उघडू नका, बाहेरून जोडतुकडा लावून बघा.

हॉलसुद्धा वाजतो

पाइपाला हात लावण्याआधी बॉक्सची जागा बदलून बघावी. १५ बाय १२ फुटांच्या, १० फूट उंचीच्या हॉलला स्वतःचे सूर असतात : लांबीचा सुमारे ३८ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ५६. विटा आणि आरसीसीच्या भिंती खालचा आवाज शोषत नाहीत, आतच परतवतात, म्हणून आपल्याकडे हे सूर चांगलेच घुमतात. वर पत्रा असेल तर आवाज निसटतो, पण पत्रा स्वतः खडखडतो.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की हे तिन्ही सूर एकदम उठतात. आणि सोफा लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर तिथे ३८ हर्ट्झ जवळजवळ गायब होतो. जागा शोधायची एक सोपी रीत आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा आणि बेसचं गाणं लावून आपण भिंतींच्या कडेने, कान जमिनीजवळ ठेवून फिरा. बेस जिथे भरीव आणि एकसारखा लागेल तिथे सबवूफर ठेवायचा. रिसीव्हरमध्ये बाकी स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळवलं की कोणी काय वाजवायचं याची वाटणीही नीट होते.

खालचा आवाज भिंतीतून इतर आवाजांपेक्षा सहज पलीकडे जातो, हेही विसरून चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. पण ती ‘ए’ मापाने मोजतात आणि हे माप खालच्या सुरांना मोठी सूट देतं : ६३ हर्ट्झला २६ डेसिबलची, ३१.५ हर्ट्झला ३९ ची. मीटरवर कमी दिसणारा आवाज शेजाऱ्याच्या मांडणीतली भांडी वाजवत असू शकतो.

कुठे थांबायचं?

घरातल्या बहुतेक कार्यक्रमांना २० हर्ट्झची गरज नसते. एफएस ३० च्या खाली असलेला बारा इंची वूफर, निव्वळ ६० लिटरचा बॉक्स, १० सेंटिमीटरचा पाइप आणि २८ ते ३० हर्ट्झचं ट्युनिंग, म्हणजे ३६ ते ४३ सेंटिमीटर पाइप. इथवर गाण्याचा ठोका फारसा ढिला पडत नाही आणि चित्रपटातला गडगडाट जागा होतो. त्याखाली जायचं तर बॉक्स मोठा, पाइप रुंद आणि अँप्लिफायर ताकदवान हवा. तिन्हीची तयारी नसेल तर नुसता पाइप लांबवून काही हाती लागत नाही. आणि घरी मुख्यतः नाचाचीच गाणी लागत असतील तर ४० चं ट्युनिंग बदलायचं कारणच नाही. खर्ज किती खाली लागायचा हे पाइप ठरवतो, पण तिथे काही ऐकू येईल की नाही हे वूफर आणि बॉक्स ठरवतात.